सांत्वनाला आलेले साहेब

गोदाकाठच्या एका गावात मयताच्या चौथ्या दिवशी साहेब भेटायला आले होते. पत्र्याचं घर, पुढे ओसरी, ओसरीत मंडपवाल्याकडून आणलेली सतरंजी आणि तिच्यावर एकच लाल प्लास्टिकची खुर्ची. गेलेला माणूस ३८ वर्षांचा, स्वतःच्या हाताने गेलेला. आतून नववी-दहावीतली मुलगी स्टीलचा तांब्या आणि त्यावर पालथा घातलेला पेला घेऊन आली. दारात कुणी आलं की गावात जे करतात तेच तिने केलं. पण तोवर सोबतच्या माणसाने बाटलीचं झाकण फिरवून बाटली साहेबांच्या हातात दिली होती. साहेब प्याले. मुलगी तांब्या धरून थोडा वेळ उभी राहिली. "ताई, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय," असं कुणीतरी म्हणालं आणि ती पाणी तसंच घेऊन आत गेली. पुढच्या ८ मिनिटांत जे बोललं गेलं त्यात वावगं काही नव्हतं. आवाज भरून आला होता, तोही खराच. तरी त्या सगळ्या भेटीतून मनात रुतून बसला तो भरलेला तांब्या.

ज्यांचं कामच दुःखाच्या घरी जाऊन बसायचं असतं, मग तो चर्चचा पाळक असो, गावचा कीर्तनकार असो की मशिदीतले मौलाना, ते त्या घरातलं पाणी सहसा नाकारत नाहीत. चार दिवस ती पोर नुसती घेत होती. भावकीतून आलेलं भाकरी-पिठलं, शेजारणीने घालून दिलेली वेणी, डोक्यावरून फिरणारे हात आणि प्रत्येक हातामागून येणारं "बिचारं लेकरू". तिच्याकडे द्यायला होतं ते एवढंच, तांब्याभर पाणी. तो घोट घेतला असता तर तेवढ्या वेळापुरती ती पुन्हा त्या घरची माणूस झाली असती, आलेल्याची सरबराई करणारी. दौऱ्यावरच्या माणसाला दर गावचं पाणी बाधतं, सुरक्षेचीही बंधनं असतात, हे मान्यच आहे. दिवसाला दहा गावं करणाऱ्याचं पोट बिघडलं तर अकरावं गाव राहून जातं. त्यावर उपाय साधा आहे. पेला हातात घ्यावा, ओठाला लावावा आणि उठेपर्यंत हातातच ठेवावा. लेकरांना कळतं.

आपल्याकडे मयत झालं की परगावच्या पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, "कोण कोण येऊन गेलं?" आमदार आले का, ताई आल्या का, दादांचा फोन तरी आला का. शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. ते येऊ नये. ज्या मुलखात दवाखाना दूर, कोर्ट दूर आणि पाऊस त्याहून दूर, तिथे दाराशी आलेला मोठा माणूस म्हणजे आपलं दुःख कुणाच्या तरी खात्यावर नोंदलं गेल्याची पावती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि त्याच सकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार तिथे पोचले होते. लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) त्या पट्ट्यातली म्हातारी माणसं अजूनही आधी ती सकाळ सांगतात, पुनर्वसनाच्या घरांचं मग. येणं ही मदतीच्या आधीची मदत असते. त्यामुळे नेत्याला आवडो न आवडो, अशा घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की तो पाळकाचं काम करत असतो. ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं, इतकंच.

आणि सगळ्या घरी तो पोचू शकत नाही. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीत २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत. म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन घरं. मग कोणत्या घरी जायचं हे ठरतं कसं? डांबरी रस्त्याला लागून असलेलं घर आधी. ताफा वळवायला जागा आहे असं गाव आधी. लहान लेकरं असलेलं घर आधी, कारण तिथे फोटो होतो. गावातला आपला कार्यकर्ता तगडा असेल तर ते घर सर्वांत आधी. ज्याच्या मागे फक्त म्हातारी आई आहे, वस्तीवर राहते, पावसाळ्यात गाडी जात नाही, तिथे कुणीच जात नाही. गावाला ही निवड लगेच कळते. शेजारच्या दोन गल्ल्यांत दोन मयतं होतात, एकीकडे गाड्यांची रांग लागते आणि दुसरीकडे तलाठी तेवढा येऊन जातो, तेव्हा दुसऱ्या घरच्या बाईला नवऱ्याच्या मरणासोबत आणखी एक गोष्ट गिळावी लागते. दोन्ही घरी जाणं जमणार नसेल तर एकाही घरी ताफा नेऊ नये, हे कठोर वाटलं तरी माझं मत तेच आहे. एकट्याने, एका गाडीने दोन्हीकडे जावं.

आता बसण्याचं. खुर्ची नाकारावी आणि खाली बसावं हे बहुतेक नेत्यांना जमतं, फोटोतही ते चांगलं दिसतं. पण बसायचं कुठे हे जमत नाही. माणूस समोर बसतो, मध्ये मोकळी जागा राहते आणि त्या जागेत कॅमेरे शिरतात. बसायचं ते शेजारी, खांद्याला खांदा लागेल न लागेल असं, म्हणजे त्या माणसाला तोंडाकडे बघण्याची सक्ती उरत नाही. जमिनीकडे बघत बोलता येतं. दुःखातला माणूस जमिनीकडेच बघत असतो. पहिली दोन-तीन मिनिटं काही बोलू नये. बायबलमध्ये ईयोबाची मुलं मेली, गुरंढोरं गेली, अंगावर फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तिथवर ते उत्तम सांत्वन करत होते. आठव्या दिवसापासून त्यांनी त्याला कारणं सांगायला सुरुवात केली आणि सगळं नासवलं. आपल्याकडची भेट आठव्या दिवसापासूनच सुरू होते. "देवाच्या मनात होतं." "खंबीर व्हा." "आता लेकरांकडे बघा." "त्याने असं करायला नको होतं." यातलं एकही वाक्य त्या घरात जागा धरत नाही. शेवटचं तर बाईच्या काळजात जातं, कारण हाच प्रश्न ती रात्रभर स्वतःला विचारत असते. गेलेल्याचं नाव घ्यावं. "किसन कसा होता?" एवढं विचारावं. नाव कुठलंही असो, ते उच्चारायला घरची माणसं घाबरत असतात आणि बाहेरच्या माणसाने उच्चारलं की बांध फुटतो. तो फुटू द्यावा. पाठीवर थापटून रडणं थांबवायची घाई करू नये. थांबवण्याची गरज बहुतेक वेळा आपल्यालाच असते.

आणि ओसरीत बसलेल्यांपैकी विधवा कुणीच नसते.

बोलतो तो थोरला दीर, नाहीतर चुलत सासरा, नाहीतर सरपंच. ती आत असते, कोपऱ्यात, भिंतीला टेकून, चार बायकांच्या गराड्यात. सोबत एखादी समजूतदार बाई आणलेली असावी आणि तिने आत जाऊन बसावं, नेत्याला नुसतं दाखवायला तिला बाहेर ओढून आणू नये. आतलं जग वेगळं असतं. तिथे सासू म्हणालेली असते, "हिच्या पायगुणानं गेला." कर्ज कुणाच्या माहेरच्या लग्नासाठी काढलं यावर कुजबुज चाललेली असते. सहा-सात वर्षांचं लेकरू अधूनमधून आईला विचारत असतं, "मी पेन मागितला म्हणून पप्पा गेले का?" त्या वयाच्या लेकरांना सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून सरळ सांगावं लागतं, तुझ्यामुळे नाही, तू काहीही केलेलं नाहीस. एकदा सांगून भागत नाही, महिनाभर सांगावं लागतं. "पप्पा देवाघरी फिरायला गेलेत" असं सांगितलेलं लेकरू दाराकडे बघत राहतं, म्हणून तेही सांगू नये. ही वाक्यं बोलायला मोठं पद लागत नाही. पण मोठ्या माणसाने सासूसमोर एकदा म्हटलं, "माय, सुनेचा काही दोष नाही, तिला धरून राहा," तर त्या घरात पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य पुरतं. नेत्याच्या शब्दाला गावात जे वजन आहे त्याचा सर्वांत चांगला उपयोग हाच, आणि त्याला कॅमेरा लागत नाही.

उलट, माइकवर सांगितलेल्या रकमेने घरं फुटलेली आहेत. शासनाची मदत १ लाख रुपयांची. त्यातले ३०,००० रोख किंवा धनादेशाने मिळतात आणि ७०,००० ठेवीत जातात. तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रकरण पात्र ठरवलं तर. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा हे निकष. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. आता मराठवाड्यात हातउसनं, बचत गटाचं, मायक्रो फायनान्सचं, खताच्या दुकानाची उधारी आणि बिनपरवान्याच्या सावकाराचं असं पाच ठिकाणचं मिळून कर्ज असतं, त्यातलं कागदावर बसतं ते एखादंच. त्यामुळे कितीतरी प्रकरणं अपात्र ठरतात. ओसरीत बसून "मी मदत मिळवून देतो" म्हणणाऱ्याला समितीचा निकाल माहीत नसतो. दोन महिन्यांनी "अपात्र"चं पत्र येतं आणि घरच्यांना वाटतं, मरणसुद्धा नापास झालं. ते पत्र देण्याआधी कुणीतरी घरी जाऊन, बसून, समजावून सांगायला हवं की हा शिक्का कर्जाच्या कागदावर आहे, तुमच्या माणसावर नाही. हे काम तालुक्याचा कार्यकर्ता करू शकतो. करत मात्र कुणी नाही. दुसरीकडे, माइकवर एकदा लाखाचा आकडा उच्चारला की गावात तो दहा लाखांचा होतो. सावकार दाराशी येतो, दिराला वाटा हवा असतो आणि बाईने नवी चप्पल घेतली तरी गाव बघतं.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. सांगायला त्या बाईकडे नंबर नसतो, असला तरी पीए उचलतो, आणि काय लागणार आहे हे तिला त्या दिवशी ठाऊकच नसतं. त्याऐवजी तारीख आणि माणूस सांगावा. पुढच्या गुरुवारी ११ वाजता अमुक येईल आणि तुमच्यासोबत ग्रामपंचायतीत बसेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली तर त्रास वाचतो. मग वारसाचा फेरफार, सातबारावर तिचं आणि लेकरांचं नाव. ते झालं नाही तर जूनमध्ये पीककर्ज मिळत नाही, विमा भरता येत नाही आणि नुकसानभरपाई मयताच्या खात्यात जाऊन पडते. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखाली नाव असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,०००. लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचे महिना २,२५०. यातली एकही गोष्ट नेत्याच्या कृपेने मिळत नाही, ती हक्काची आहे. पण उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार जोडलेलं खातं, फोटो यांच्या चकरांत ती बाई तहसीलच्या पायऱ्यांवर एकटीच बसते. बस भाडं, बुडालेली मजुरी, "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." तिच्या शेजारी त्या पायरीवर बसायला एक माणूस मिळाला तर मी त्याला आठ मिनिटांच्या भेटीपेक्षा मोठं सांत्वन म्हणेन.

नटनट्यांचं येणं थोडं वेगळं असतं, कारण त्यांना मत मागायचं नसतं. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांना १५,००० रुपयांचे धनादेश दिले आणि त्यातूनच त्या वर्षी नाम फाउंडेशन उभं राहिलं. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पडद्यावरचा माणूस आपल्यासमोर मान खाली घालून उभा राहतो, तेव्हा ज्या बाईला गाव अपशकुनी म्हणतं तिला मान मिळतो. त्या पंधरा हजारांतून बियाणं आलं की किराणा, हा नंतरचा हिशेब. पण प्रसिद्धी अशा घरात शिरताना आपली सावलीही घेऊन येते. बायका हॉलमध्ये रांगेत बसवल्या जातात, पाठीमागे बॅनर लागतो आणि तिची ओळख "आत्महत्याग्रस्त" या एका शब्दावर येऊन थांबते. पुढच्या वर्षी दुसरी संस्था बोलावते तेव्हाही तीच ओळख सांगून तिला मंचावर चढावं लागतं. साडी मिळते, शिलाई मशीन मिळतं आणि दर वेळी तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. एकच दुःख वारंवार लोकांसमोर उलगडायला लावलं की जखमेवर खपली धरत नाही.

शोकाच्या जागी आपण कुणाला सोबत नेतो याचा हिशेब मराठवाड्याच्या एका मोठ्या नेत्याला फार महागात पडला होता. ३० नोव्हेंबर २००८. मुंबईवरचा हल्ला संपून जेमतेम एक दिवस उलटलेला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा सोबत अभिनेता मुलगा रितेश होता आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. चित्रफीत घराघरांत दिसली. राजीनाम्यामागे सुरक्षेतल्या त्रुटींचा प्रश्न होताच, पण सामान्य माणसाच्या मनाला लागलं ते हे दृश्य. ८ डिसेंबरला नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. अंगावर धावून आलेल्या त्या संतापात एक साधी गोष्ट होती: मयताच्या घरी कुणाला नेऊ नये हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळतं. आणि तेच विलासराव १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत गेले, दुसऱ्या दिवशी बाभळगावात त्यांना निरोप दिला, तेव्हा लातूर जिल्हा घरचं माणूस गेल्यासारखा रडला. दोन्ही खरं आहे. लोक नेत्याला एका चुकीने मोजत नाहीत, आणि चूक विसरतही नाहीत.

आता ज्याविषयी लिहिताना हात अडखळतो ते. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांच्या काही समर्थकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच्या मागच्या वर्षी आरक्षणासाठी मराठवाड्यात तरुण पोरं गेली. अशा पोराला "अंधभक्त" म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. त्याच्या बाजूने जरा बघा. दोन एकर कोरडवाहू, पोलीस भरतीत दोनदा मैदान मारून लेखीत गेलेला, वय तिशीकडे आणि मुलगी द्यायला कुणी तयार नाही. घरात बाप बोलत नाही. एका जागी मात्र त्याला नावाने हाक मारतात, ती म्हणजे नेत्याच्या दौऱ्यात. त्याच्या मोटारसायकलवर साहेबांचा फोटो आहे, फोनच्या रिंगटोनला त्यांचं भाषण आहे, क्रेनला हार लावताना आणि जेसीबीतून फुलं उधळताना तो सगळ्यात वर असतो. तिथे तो कुणीतरी असतो. नेता हरतो तेव्हा ती एकमेव जागा जाते. तो निवडणुकीसाठी मेलेला नसतो. निवडणूक ही शेवटची काडी असते, आणि खालची मोळी वर्षानुवर्षं रचली गेलेली असते.

अशा घरी नेत्याने जावं की नाही? पंकजाताईंनी असं टोकाचं पाऊल उचलू नका असं जाहीर आवाहन केलं, शोकाकुल घरांना भेटीही दिल्या. न जाणं अमानुष ठरलं असतं. पण त्या भेटीची रील शेजारच्या तालुक्यातला तसाच एक पोरगा रात्री एकटा बघत असतो, आणि त्याला दिसतं ते हे की जिवंतपणी ज्या घरासमोर गाडी थांबली नाही तिथे मेल्यावर साहेब येऊन रडले. हा धोका खरा आहे. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम घातले आहेत: पहिल्या पानावर नको, फोटो नको, पद्धतीचं वर्णन नको. गावच्या चौकातल्या फ्लेक्सला हे नियम कुणी लावत नाही. तिथे "बलिदान व्यर्थ जाणार नाही" असं छापलेलं असतं. मयताचा फोटो आधार कार्डावरून उचललेला, फुटलेला, आणि वर नेत्याचा फोटो स्टुडिओतला, त्याच्या दुप्पट. म्हणून जावं, पण आठवड्याने जावं, फोन गाडीत ठेवून जावं, मागच्या दाराने जावं. त्या मरणाला हुतात्म्याचं नाव देऊ नये, आणि अशा माणसाला नालायकही म्हणू नये. सभेत मात्र मोठ्याने, वारंवार सांगावं: माझ्यासाठी कुणी मरायचं नाही, आणि ज्याला जगणं जड झालंय त्याने आज रात्री कुणाशी तरी बोलायचं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. हा नंबर फ्लेक्सवर नेत्याच्या नावाएवढ्या अक्षरांत छापला तर त्या फ्लेक्सचं सोनं होईल. जो प्रयत्न करून वाचला त्याच्या घरच्यांना पोलीस केसची भीती असते म्हणून ते दवाखान्यात खरं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं ठरवलं आहे. हे गावच्या सरपंचाला आणि आशाताईला तोंडपाठ हवं.

फोटोंचं आणखी एक. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा, संतोष देशमुखांचा खून झाला. सगळ्या पक्षांचे नेते त्या घरी येऊन गेले. मार्चमध्ये त्या अत्याचाराचे फोटो बाहेर आले आणि संतापाच्या भरात लोकांनी ते ग्रुपाग्रुपांवर फिरवले, न्याय मिळावा या भावनेनेच. पण त्या घरातली लेकरंही फोन वापरतात. जिवलगाचं असं चित्र एकदा डोळ्यांत गेलं की ते आठवणींच्या पुढे जाऊन उभं राहतं, हसरा चेहरा त्यामागे दडतो. न्यायासाठी पुरावा कोर्टाला लागतो, आपल्या स्टेटसला लागत नाही. अशा वेळी जवळच्या माणसाने घरच्यांचे फोन हातात घेऊन ग्रुप बंद करून द्यावेत. हेसुद्धा सांत्वनच आहे.

सांत्वन करणाऱ्या नेत्याचं सांत्वन कोण करतं? ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले, केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. ४ जूनला परळीत अग्नी दिला तो मुलीने, पंकजा यांनी. उन्हाचा कहर, माणसांचा समुद्र, संतापलेली गर्दी, आणि त्या गर्दीला शांत राहा असं सांगण्याची वेळही तिच्यावरच आली. ज्या दिवशी तिला कुणीतरी धरून बसायला हवं होतं त्या दिवशी तिने एका अख्ख्या जिल्ह्याला धरलं. लोकांनी त्यात धीरोदात्तपणा पाहिला, आणि तो होताच. पण ज्याचं रडणं त्या वेळी राहून जातं त्याचं ते कुठे जातं, हा प्रश्न गर्दीला पडत नाही. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत धाकट्या बहीण प्रीतम ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. ते मत म्हणजे जिल्ह्याने घातलेला हुंदका होता. दुःख असं मतपेटीत पडतं तेव्हा घरच्यांचं खाजगी दुःख सार्वजनिक मालकीचं होतं, आणि ते मागे घेता येत नाही. दर पुण्यतिथीला माइकसमोर रडावं लागतं, डोळे कोरडे राहिले तरी बातमी आणि भरून आले तरी बातमी.

अशा माणसाजवळ बसायला जे जाऊ शकतात, म्हणजे महाराज, पाळक, गुरुजी, त्यांचेच पाय बहुतेक ठिकाणी बांधलेले असतात. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो आणि मंदिरापुढच्या किंवा समाजमंदिराच्या सभामंडपासाठी त्यातले काही लाख सहज मिळतात. पत्रे, खांब, फरशी आणि दर्शनी भागावर नाव कोरलेली पाटी. गरज खरी असते, दिंडी उन्हात बसते. पण पाटी लागली की कीर्तनात आमदार आले तर अभंग अर्धा ठेवून सत्कार करावा लागतो, दहाव्याला घाटावर पिंडाशी कावळा येण्याआधी भाषणं येतात, आणि एकांतात "साहेब, हे तुमचं चुकतंय" म्हणायला जीभ वळत नाही. २०१६ च्या दसऱ्याला भगवानगडावर, म्हणजे संत भगवानबाबांच्या गडावर, राजकीय भाषण नको अशी भूमिका तिथल्या महंतांनी घेतली, पंकजाताईंचा दसरा मेळावा पायथ्याला झाला आणि पुढच्या वर्षापासून भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगावला गेला. कुणाचं बरोबर यावर बीडमध्ये आजही घराघरांत दोन मतं आहेत. मला त्या वादात बाजू घ्यायची नाही. गड आणि मंच यांच्यामध्ये थोडं अंतर असलं तर हरलेल्या नेत्याला जायला एक जागा राहते, जिथे त्याला भाषण करावं लागत नाही, एवढंच मला वाटतं.

कारण निकालानंतरचा वाडा फार वाईट असतो. काल अंगणात उभं राहायला जागा नव्हती, आज चपलांच्या रांगेत चार जोड. चहाचं मोठं पातेलं सवयीने चढवलेलं असतं आणि तसंच उतरतं. फोन वाजत नाही, आणि ज्याला वीस वर्षं दर मिनिटाला कुणीतरी "साहेब" म्हटलंय त्याला शांततेत स्वतःचं नावसुद्धा अनोळखी वाटतं. झोप जाते. काहींचं पिणं वाढतं. बायको-मुलांशी बोलायची सवय तुटलेली असते. याच आठवड्यात पाळकाने जायला हवं, सत्तेत असताना सत्काराला गेला नसेल तरी चालेल. हार न्यायचा नाही, निवेदन न्यायचं नाही, सोबत कुणी न्यायचं नाही. कुठे मतं फुटली यावर बोलायचं नाही, तो बोलला तर ऐकायचं. "पुढच्या वेळी नक्की" असं म्हणायचं नाही. जेवला का, झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, हे विचारायचं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना विश्वासात घ्यायचं आणि डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यायचं, शेजारच्या जिल्ह्यात नेलं तरी हरकत नाही, आपल्या गावात त्याला ओळखतात म्हणून. बाकी जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं, चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंतीतही त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि जाताना त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायचे. साहेब रात्री किती वाजेपर्यंत जागे असतात हे घरात सर्वांत आधी त्याला माहीत असतं.